शोषखड्ड्याशेजारी काय लावावे?

सभासद बंधूंनो, ऊस पाहायला वस्तीवर आलो की शोषखड्ड्याच्या काठी उंबर नाहीतर पिंपळ वाढलेला आम्हाला हमखास दिसतो. पाणी आयते मिळते, झाड जोर धरते, हे खरे. पण त्याची मुळी ओलीच्या मागे जाते, पाइपाच्या सांध्यातून आत शिरते, टाकीला तडे पाडते. मग मैला तुंबतो. असली झाडे लांब बांधावर बरी. खड्ड्याशेजारी कर्दळ, केळी लावा. मेथी, मुळा, कोथिंबीर मात्र तिथे नकोच. टाकीतून निघालेल्या पाण्यात जंतू असतातच; हगवण, कावीळ त्यातूनच घरात येते. म्हणून पिण्याची विहीर, बोअरसुद्धा शोषखड्ड्यापासून निदान 60 फूट दूर हवी. आणि हो, टाकीवरून उसाची ट्रॉली नेऊ नका, झाकण खचते!