छत्तीस भाज्यांच्या प्रदेशात बालकांचे ताट

छत्तीसगडमध्ये ‘भाजी’ म्हणजे पालेभाजी, आणि तिचे प्रकार छत्तीस, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते. रायपूरच्या घरोघरी शिजणारी लालभाजी मराठी वाचकांना लाल माठ म्हणून परिचित आहे. अमारी म्हणजे अंबाडी, मुनगा म्हणजे शेवगा, तर चरोटा म्हणजे पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.२ टक्के बालकांमध्ये रक्ताल्पता आढळली. तिची कारणे अनेक आहेत. जंत, हिवताप, सिकलसेल ही त्यांपैकी काही. आहार मात्र बऱ्याच अंशी कुटुंबाच्या हाती असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दररोज किमान २५० ग्रॅम फळे व भाज्यांची शिफारस केली. त्यासाठी महागडे सफरचंदच हवे, हा समज निराधार आहे. पालेभाजीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. लिंबू, पेरू किंवा आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्वाची जोड मिळाल्यास ते अधिक शोषले जाते. म्हणजे भाजीवर पिळलेले लिंबू केवळ चवीसाठी नसते.

मूल भाजी थुंकून टाकते, ही मातांची नेहमीची तक्रार. नवी चव अंगवळणी पडण्यास आठ-दहा वेळा देऊन पाहावी लागते. बहुतेक घरांत त्याआधीच नाद सोडला जातो. सक्ती न करता सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भातात कुस्करलेली चमचाभर लालभाजी देऊन प्रारंभ करता येतो.