धर्मादाय नोंदणी आणि शुल्काचा हिशेब

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपत आली की अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे नगरपरिषदेचे गाव लागते. येथील आडतीचा व्यवहार मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत चालतो आणि बारावीनंतरच्या शिक्षणाच्या वाटाही दोन्ही दिशांना फुटतात. एकीकडे सोलापूर व त्यापुढे पुणे, तर दुसरीकडे कलबुर्गी व त्यापुढे बंगळूर, अशी निवड येथील कुटुंबांपुढे असते. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांवर आज देशात जे काही नियंत्रण आहे, त्याचा पाया घालणारे बहुतेक वादही याच दोन राज्यांत उभे राहिले. ती महाविद्यालये नेमकी कोणाची, त्यांच्या शुल्काचे पुढे काय होते आणि त्यावर लक्ष कोण ठेवते, हे प्रश्न म्हणूनच या भागातील पालकाच्या खिशाशी निगडित आहेत.

अमेरिकेत भांडवली बाजारात समभाग नोंदवलेल्या कंपन्या महाविद्यालये चालवतात आणि भागधारकांना लाभांश देतात. तसे भारतात कायद्याने चालत नाही. पदवी देण्याचा अधिकार केवळ विद्यापीठाला वा संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थेला आहे, आणि संलग्न महाविद्यालय स्थापन करणारी संस्था ही सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी, म्हणजेच सभासदांना नफा वाटून देण्यास मनाई असलेली कंपनी, यांपैकी काहीतरी असावी लागते. महाराष्ट्रात अशा न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होते. कागदोपत्री पाहता राज्यातील प्रत्येक खासगी अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र वा वैद्यकीय महाविद्यालय हा धर्मादाय उपक्रम ठरतो. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रूढ व्हावा आणि त्याचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागू नये, यावरून त्या कागदाची किंमत लक्षात येते.

या व्यवस्थेची मुळे कर्नाटकात आहेत. मणिपालमध्ये टी. एम. ए. पै यांनी १९५३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. सरकारी अनुदान न घेता विद्यार्थ्यांच्या पैशांवर महाविद्यालय उभे करण्याची ही रीत पुढे त्या राज्यात पसरली आणि महाराष्ट्रातील सधन कुटुंबे मुलांच्या अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशासाठी सीमा ओलांडू लागली. आपल्या राज्याचा पैसा आणि आपली मुले बाहेर का जाऊ द्यायची, असा युक्तिवाद करत वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित तत्त्वावर, म्हणजे इमारतीपासून वेतनापर्यंतचा खर्च संस्थेनेच उचलण्याच्या अटीवर, खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सोलापूरचे वालचंद तंत्रशास्त्र संस्थान, लोणीचे प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पुण्याचे एमआयटी ही त्याच वर्षीची नावे. ग्रामीण भागातील मुलांना पुण्या-मुंबईबाहेर अभियंता होण्याची संधी या निर्णयाने मिळाली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. मात्र साखर कारखाना, सहकारी बँक आणि महाविद्यालय ही तिन्ही एकाच घराण्याच्या हाती एकवटण्यास येथूनच वेग आला.

शुल्काव्यतिरिक्त प्रवेशाच्या बदल्यात घेतल्या जाणाऱ्या रकमेला कायद्याच्या भाषेत कॅपिटेशन फी आणि व्यवहारात डोनेशन म्हणतात. तिला मनाई करणारा कायदा कर्नाटकने १९८४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९८७ मध्ये केला. गंमत अशी की कर्नाटकने त्याच कायद्याच्या आधारे १९८९ मध्ये अधिसूचना काढली आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेसाठी वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्यांसाठी २५,००० रुपये, तर परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी ६०,००० रुपयांपर्यंत शुल्क घेण्यास मुभा दिली. तुमकूर येथील महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या मोहिनी जैन या विद्यार्थिनीने त्याला आव्हान दिले आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. हे जादा शुल्क म्हणजे वेगळ्या नावाची कॅपिटेशन फीच होय, असे न्यायालयाचे म्हणणे होते. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा सवलतीच्या आणि निम्म्या पूर्ण शुल्काच्या, अशी विभागणी ठरली. ती ३१ ऑक्टोबर २००२ रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात मोडीत काढली. शिक्षणसंस्था चालवणे हा घटनेने संरक्षिलेला व्यवसाय आहे, संस्थेला विकासापुरते वाजवी आधिक्य, म्हणजे खर्च वजा जाता शिल्लक, ठेवता येईल, परंतु नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, असे त्या निकालाने ठरवले. महाराष्ट्रातून गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्यात ऑगस्ट २००५ मध्ये सात न्यायाधीशांनी त्याला दुजोरा दिला आणि प्रवेश व शुल्क यांवर नियामक समित्यांची देखरेख वैध ठरवली. आधिक्य चालेल, नफेखोरी चालणार नाही, ही रेघ तत्त्वतः स्पष्ट असली तरी ती प्रत्यक्षात कोठे ओढायची, याचे उत्तर निकालपत्रात नाही, हिशेबाच्या वह्यांत आहे.

महाराष्ट्रात त्या वह्या तपासण्याचे काम शुल्क नियामक प्राधिकरणाकडे आहे. आधी शिक्षण शुल्क समितीमार्फत चालणाऱ्या या कामाला २०१५ च्या अधिनियमाने वैधानिक स्वरूप आले. त्याच अधिनियमाखाली प्रवेश नियामक प्राधिकरण, सामाईक प्रवेश परीक्षा आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, अर्थात विद्यार्थ्यांच्या बोलीतील ‘सीईटी’ आणि ‘कॅप राऊंड’, यांनाही कायद्याचे अधिष्ठान मिळाले. शुल्क ठरवण्याची रीत ढोबळमानाने अशी आहे की महाविद्यालय आपले लेखापरीक्षित हिशेब सादर करते, त्यांतील प्राध्यापक व कर्मचाऱ्यांचे वेतन, देखभाल, प्रयोगशाळा, घसारा इत्यादी मान्य खर्च विचारात घेतला जातो, त्याला विद्यार्थिसंख्येने भागले जाते, त्यात विकास शुल्क मिळवले जाते आणि त्या वर्षापुरते त्या महाविद्यालयाचे शुल्क जाहीर होते. एकाच शहरातील दोन महाविद्यालयांचे एकाच शाखेचे शुल्क वेगळे असते, त्याचे कारण हेच.

या रीतीचा गुण तोच तिचा दोषही आहे, कारण खर्च जितका जास्त दाखवावा तितके शुल्क जास्त मान्य होते आणि काटकसरीने महाविद्यालय चालवणाऱ्याला त्या काटकसरीचे बक्षीस मिळत नाही. साहजिकच सर्व कसब खर्चाच्या बाजूस पणाला लागते. विश्वस्तांच्या नातेवाइकांच्या मालकीची जागा न्यासाला भाड्याने द्यावी, बांधकामाचे कंत्राट घरच्याच कंपनीला मिळावे, वसतिगृह, खानावळ आणि बस यांचे पैसे ठरलेल्या शुल्काच्या बाहेर ठेवावेत, हे यातील परिचित मार्ग आहेत. बँकेतून पूर्ण वेतन जमा करून त्यातील काही भाग रोखीने परत घेतला जातो, ही विनाअनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांची जुनी तक्रार आहे. वेतन धनादेशाने वा बँकेतूनच द्यावे हा नियम कागदावर कसा पाळता येतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. नफा वाटण्यास बंदी असल्यामुळे तो नफा या नावाने कोठेच दिसत नाही. भाडे, कंत्राट, व्याज आणि मानधन अशा वेगवेगळ्या रकान्यांत तो विरघळून जातो.

या रकान्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहणारे खाते प्राप्तिकराचे आहे. धर्मादाय संस्थेला मिळणारी करसवलत विश्वस्तांच्या वा त्यांच्या आप्तांच्या लाभासाठी पैसा वापरल्यास काढून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या खटल्यात ही कसोटी आणखी कडक केली. शिक्षणसंस्था म्हणून करसवलत हवी असेल, तर संस्थेचा उद्देश प्रामुख्याने नव्हे, तर केवळ शिक्षण हाच असला पाहिजे, असे या निकालाने स्पष्ट केले आणि त्याआधीचे सैल अर्थ बाजूला सारले.

नफ्याला उघड परवानगी दिल्यास गोष्टी निदान स्पष्ट होतील, असा एक मतप्रवाह धोरणकर्त्यांत अधूनमधून डोके वर काढतो. त्यासाठी अमेरिकेचा अनुभव पाहणे उद्बोधक ठरते. तेथे विद्यार्थ्यांना केंद्र सरकार शिष्यवृत्ती आणि कर्ज देते व तो पैसा महाविद्यालयाकडे जातो. एखाद्या कंपनीच्या उत्पन्नापैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग या सरकारी मदतीतून येता कामा नये, असा नियम आहे. म्हणजे शंभरांतले दहा डॉलर तरी कोणीतरी स्वतःच्या खिशातून देण्याइतकी त्या शिक्षणाची किंमत मानली पाहिजे. सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने जुलै २०१२ मध्ये अशा ३० कंपन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. २००९ या वर्षात या कंपन्यांनी उत्पन्नाचे २२.७ टक्के जाहिरात, विपणन व विद्यार्थी गोळा करण्यावर खर्च केले, १९.४ टक्के नफा म्हणून ठेवले आणि प्रत्यक्ष अध्यापनावर १७.२ टक्के खर्च केले, असे त्यात आढळले. त्यानंतर कोरिंथियन कॉलेजेस ही कंपनी एप्रिल २०१५ मध्ये आणि आयटीटी ही तंत्रशिक्षण कंपनी सप्टेंबर २०१६ मध्ये बंद पडली. युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलच्या दाव्यात २०१९ मध्ये १९ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली. कोरिंथियनच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५.८ अब्ज डॉलरचे कर्ज तेथील सरकारने २०२२ मध्ये माफ केले, म्हणजे भागधारकांचा नफा आधीच वाटून झाला होता आणि बुडीत खाते करदात्याच्या नावे पडले. नफ्याला मोकळीक दिल्याने विद्यार्थ्याचे रक्षण झाले नाही, एवढे यातून दिसते. परंतु समितीला निदान टक्केवारी मांडता आली, कारण त्यांतील अनेक कंपन्यांना आपले ताळेबंद जाहीर करणे भाग होते. महाराष्ट्रातील धर्मादाय न्यासांबाबत अशी टक्केवारी सामान्य वाचकापुढे सहसा येत नाही.

सरकारी पैशाचा मुद्दा महाराष्ट्रातही तितकाच लागू आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण भरण्याची योजना, अशा मार्गांनी विनाअनुदानित महाविद्यालयांच्या उत्पन्नातील मोठा वाटा राज्याच्या तिजोरीतून येतो. नाव विनाअनुदानित, पण शुल्क सरकारचे, ही विसंगती या क्षेत्रात कोणालाच फारशी खटकत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी पोलीस अधिकारी के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष कृती दल नेमावे लागले आणि त्यानंतर रक्कम महाडीबीटी या संगणकीय प्रणालीतून, आधार क्रमांकाची खातरजमा करून देण्याची पद्धत आली. ही सुधारणा गरजेची होती. मात्र तिने विद्यार्थी खरा आहे की नाही एवढेच तपासले. शिक्षण खरे आहे की नाही हा प्रश्न तसाच राहिला.

डी.एड. महाविद्यालयांची कथा या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यभर, तालुक्या-तालुक्यांत ही अध्यापक विद्यालये निघाली, शिक्षकाच्या नोकरीच्या आशेने पालकांनी जमिनी विकून पैसे भरले, पुढे शिक्षकभरती गोठली आणि विद्यार्थी मिळेनात म्हणून एकामागून एक विद्यालये बंद पडली. त्या प्रत्येक विद्यालयाला मान्यता होती आणि नियमांच्या भाषेत बहुतेकांचे काही चुकले नव्हते. किती शिक्षक लागणार आहेत, हे मान्यता देणाऱ्यांनी मोजले नाही आणि बाहेर पडलेल्या पदविकाधारकांचे काय झाले, हे नंतरही कोणी विचारले नाही. भारतातील देखरेख प्रवेशाच्या दारात अतिशय दक्ष असते. जमीन किती, वर्गखोल्या किती, ग्रंथालयात पुस्तके किती, प्राध्यापक किती, याची तपासणी होते आणि त्या दिवसापुरते उसने प्राध्यापक आणि वैद्यकीय महाविद्यालयांत उसने रुग्णही हजर केले जातात. बाहेर पडण्याच्या दारात मात्र कोणी उभे नसते. राज्य ज्या विद्यार्थ्यांचे शुल्क भरते, त्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम पुरा केला आणि तीन वर्षांनी ते काय कमावतात, हे महाविद्यालयवार प्रसिद्ध करण्याची अट शिष्यवृत्तीला जोडणे हा आजवरच्या साऱ्या तपासण्यांपेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक उपाय ठरेल.

तोवर पालकांच्या हाती जी साधने आहेत, ती वापरली गेली पाहिजेत. प्रत्येक महाविद्यालयाचे मान्य शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर वर्षवार पाहता येते, आणि प्रवेश घेण्यापूर्वी ते पाहणे आवश्यक आहे. शुल्क शिष्यवृत्ती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना मिळते. संस्थास्तरावरील जागेवर, एजंटाच्या सांगण्यावरून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळेल असे गृहीत धरू नये. कर्नाटकात प्रवेश घेतल्यास महाराष्ट्राची शुल्कनियंत्रणाची चौकट लागू होत नाही, हेही सीमेवरील कुटुंबांनी लक्षात ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कोणत्याही महाविद्यालयाला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. मान्य शुल्काहून अधिक रक्कम मागितली गेली, तर पावती मागावी, आणि पावती नाकारली गेली, तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी.