झोपलेल्या जिवाणूंना उठवायचं कसं?

जून लागला, की मानवतच्या शिवारात पेरणीची लगबग सुरू होते. ताडपत्रीवर सोयाबीनचं बियाणं पसरलेलं असतं. त्यावर बाटलीतलं जिवाणू संवर्धक शिंपडायचं, हलक्या हातानं चोळायचं आणि बी सावलीत सुकवायचं. कितीतरी शेतकरी ते परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणतात. बाटली उन्हात मुळीच ठेवायची नाही बरं का! आत रायझोबियम नावाचे कोट्यवधी जिवंत जीव असतात. मातीत गेले, की सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत ते घर करतात आणि हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात.

आज मला गोष्ट सांगायचीय ती याच्या बरोब्बर उलट काम करणाऱ्यांची.

मुतारीत डोळ्यांना झोंबणारा वास येतो ना, तो अमोनियाचा. अमोनियातही नायट्रोजन असतो. असं सांडपाणी तसंच तळ्यात गेलं, तर शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. काही जिवाणू मात्र या अमोनियाचा साधा नायट्रोजन वायू करून टाकतात. बुडबुडे वर येतात, हवेत मिसळतात. हवेत नाहीतरी ७८ टक्के नायट्रोजनच आहे!

यांतले माझे सगळ्यात लाडके म्हणजे ॲनामॉक्स जिवाणू. ते कुणी पाहिलेही नव्हते, तेव्हा १९७७ साली ऑस्ट्रियाच्या एंगेलबर्ट ब्रोडा यांनी रसायनशास्त्राचा हिशेब मांडून सांगितलं होतं, की असे जीव असायला हवेत. आणि १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला, एका कारखान्याच्या सांडपाण्यात त्यांचं काम उघडकीला आलं! रंगानं ते लालभडक असतात. आपल्या रक्ताला लाल करणारा लोहयुक्त पदार्थ त्यांच्यातही असतो.

पण भारी संथ! आपल्या आतड्यातला ई. कोलाय मनासारखं खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. ॲनामॉक्सला त्यासाठी दहा-अकरा दिवस लागतात. रॉटरडॅमला २००२ मध्ये त्यांची पहिली मोठी टाकी सुरू झाली, ती पूर्ण जोमानं चालायला साडेतीन वर्षं गेली. म्हणून दह्याचं विरजण जपावं तसं यांना जपावं लागतं.

थोडे दिवस ठेवायचे असतील तर फ्रीज पुरतो. जास्त दिवसांसाठी गोठवतात. पण पाण्याचा बर्फ होताना टोकदार स्फटिक बनतात आणि पेशी फाटतात. मग शास्त्रज्ञांनी काय घातलं असेल? साय काढलेलं दूध! त्याचं कवच पेशींना सांभाळतं. हे गोठवणं होतं उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये. गुरांच्या दवाखान्यात धुरासारखी वाफ सोडणारं ॲल्युमिनियमचं भांडं पाहिलंय का? त्यात तोच द्रव असतो. म्हणजे जे आयुष्यभर नायट्रोजन सोडतात, ते झोपतातही नायट्रोजनमध्येच! नंतर निर्वात भांड्यात त्यांच्यातला बर्फ थेट वाफ करून काढून टाकतात. उरते कोरडी भुकटी.

उठवताना घाई चालत नाही. कोमट पाणी, प्राणवायू अजिबात नाही, आणि अमोनिया व नायट्राइट चिमूट-चिमूट. नायट्राइट हे त्यांचं अन्न खरं, पण जास्त झालं की तेच विष. रोज पाणी तपासायचं, अमोनिया किंचित घटला का ते पाहायचं आणि वाट बघायची. कित्येक दिवस काहीच घडत नाही. मग काळपट गाळात लालसर झाक दिसू लागते आणि तळातून एक बुडबुडा सुटतो.