पर्वणीचा हिशोब मीटरमध्ये मांडा

३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं, तिसरं नाशिकला ११ आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबरला. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या या तारखा नाशिककरांना पाठ झाल्या आहेत. तपोवनातल्या झाडांचा वाद, साधुग्रामची जागा, रस्त्यांची कामं, निधी हेही रोज वाचून झालं. या बातम्यांत एक आकडा हमखास असतो : अमुक कोटी भाविक येणार. तो भाषणात येतो, फलकावर चढतो आणि आपल्यालाही त्याचा अभिमान वाटतो. पण भाविक सुखरूप घरी परतेल की नाही, याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही. ते ठरवणारा आकडा फार लहान असतो. एका चौरस मीटरमध्ये किती माणसं उभी आहेत, एवढाच.

घरात खडूने फरशीवर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखून पाहा. चौघं त्यात उभी राहतील, गप्पा मारतील, खिशातून मोबाइल काढतील. सहावा आला की खांद्याला खांदा भिडतो, सुटलेली चप्पल वाकून घालता येत नाही. सातवा शिरला की आपण कुठे उभं राहायचं हे आपल्या हातात उरत नाही. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने पादचाऱ्यांच्या गर्दीचा पायाभूत अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९७१मध्ये आलं. चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी पाण्यासारखी वाहू लागते, असं त्याने मांडलं. मागच्या धक्क्याची लाट पुढे येते आणि माणसाला उचलून काही मीटर लांब नेते. अशा दुर्घटनांत बहुतेक माणसं पायदळी तुडवली जाऊन मरत नाहीत, हेही त्याने ठासून सांगितलं. छातीवर चहूबाजूंनी दाब येतो, फुप्फुसाला फुगायला जागा राहत नाही आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो. आपण ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो तेव्हा पळापळ डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तिथे पळायलाही जागा नसते.

नाशिकला हे ऐकीव नाही. २७ ऑगस्ट २००३ला काळाराम मंदिराजवळच्या सरदार चौकात, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ भाविक गेले. कुणा साधूने उधळलेली चांदीची नाणी वेचायला झुंबड उडाली, अशी हकीकत तेव्हापासून सांगितली जाते. २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण मेले, तेव्हाही एक गोष्ट पसरली : कुणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि लोकांनी ‘पूल गिर गया’ ऐकलं. नाणी आणि फूल आपल्या लक्षात राहतात. अरुंद जिना, पावसामुळे आडोशाला थांबलेली माणसं आणि दर गाडीबरोबर मागून येणारी भर आपण विसरून जातो.

हा विसर फार महागात पडतो, म्हणून इथे थोडं गणित करू. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेसाठी ‘ग्रीन गाइड’ ही मार्गदर्शिका वापरतात. तिच्या हिशोबात एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं सुरक्षित जाऊ शकतात, पायऱ्यांवरून ६६. आता तीन मीटर रुंद गल्ली घ्या, जिच्या टोकाला तेवढ्याच रुंदीच्या घाटाच्या पायऱ्या आहेत. गल्लीतून मिनिटाला २४६ माणसं येतील, पायऱ्या १९८च उतरतील. दर मिनिटाला ४८ माणसं मागे साठणार. दहा मिनिटांत ४८०. गल्लीचा शेवटचा चाळीस मीटरचा भाग म्हणजे १२० चौरस मीटर. तिथे प्रत्येक चौरस मीटरमागे चार माणसं वाढली. आधी दोन असतील तर आता सहा झाली. यात कुणी नाणी उधळलेली नाहीत, अफवा नाही, कुणी बेशिस्त वागलेलं नाही. सगळे शांतपणे, हात जोडून पुढे सरकत आहेत, आणि दहा मिनिटांत वाट धोक्याच्या कडेवर आली आहे. मागच्याला पुढचं दिसत नाही, म्हणून तो चालतच राहतो.

संकट चाहूल देऊन येतं, हेही आता सिद्ध झालं आहे. १२ जानेवारी २००६ला हजयात्रेत जमरात पुलापाशी साडेतीनशेच्या आसपास यात्रेकरू दगावले. त्या दिवसाचं चित्रीकरण डर्क हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तपासलं. आधी सरळ चालणारी गर्दी मग थांबत-चालत पुढे सरकू लागली, जशा घाटात गाड्या अडकतात. त्यानंतर ती सगळ्या दिशांनी हेलकावू लागली. ‘थांबत-चालत’ हीच धोक्याची घंटा. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या सान फर्मिन उत्सवात चौकात दाटलेली गर्दी वरून चित्रित केली होती. ठराविक दाटीनंतर शेकडो माणसं एकत्र, सुमारे १८ सेकंदांच्या लयीत गोलाकार डोलू लागतात आणि गर्दीत उभं राहून ते ओळखणं अवघड असतं. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला मात्र दिसतं.

मग गर्दीतला माणूस म्हणजे नुसता पाण्याचा थेंब का? या प्रश्नाचं मला सर्वांत भावलेलं उत्तर प्रयागच्या माघमेळ्यात मिळालं. स्टीफन रायकर, निक हॉपकिन्स आणि तेव्हा अलाहाबाद विद्यापीठात असलेले नारायणन श्रीनिवासन यांच्या गटाने तिथे वर्षानुवर्षं काम केलं. कडाक्याच्या थंडीत, अहोरात्र भोंग्यांच्या गजरात, महिनाभर तंबूत राहणाऱ्या कल्पवासींना त्यांनी जाण्याआधी आणि परतल्यावर तब्येतीबद्दल विचारलं. मेळ्याला न गेलेल्या लोकांनाही विचारलं. २०१२मध्ये निष्कर्ष छापून आला : परतलेल्या कल्पवासींनी आपली तब्येत सुधारल्याचं सांगितलं, न गेलेल्यांत ती सुधारणा नव्हती. आणखी एका प्रयोगात नीट न ओळखता येणारा एकच गोंगाट ऐकवला. काहींना तो मेळ्यातला म्हणून सांगितला, काहींना शहरातला. मेळ्यातला समजणाऱ्यांनी तो जास्त वेळ ऐकला. आवाज तोच. ‘हे आपलं आहे’ या भावनेने कान बदलले.

वारीत चाललेल्याला यात नवल वाटणार नाही. माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि अफाट समुदाय एका क्षणात गप्प होतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावं पुकारली जातात. रथापुढे आणि रथामागे दिंड्या आपापल्या क्रमांकाने चालतात. याला बेभान जमाव म्हणणं हा अडाणीपणा आहे. ससेक्स विद्यापीठाचे जॉन ड्रुरी यांनी २००५च्या लंडन बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलून हेच दाखवलं : अनोळखी माणसांनी एकमेकांना पाणी दिलं, जखमा बांधल्या.

पण याच आपलेपणाची दुसरी बाजू आहे आणि नियोजन करणाऱ्यांनी ती डोळ्यांआड करू नये. ड्रुरी आणि हानी अलनबुल्सी यांनी हजमधल्या यात्रेकरूंचा अभ्यास २०१४मध्ये मांडला. जे स्वतःला त्या समुदायाचा भाग मानत होते, त्यांना दाटी वाढूनही असुरक्षित वाटत नव्हतं, उलट सुरक्षितच वाटत होतं. माझ्या मते सिंहस्थासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. श्रद्धाळू माणूस ‘आता पुरे, थांबवा’ म्हणणार नाही. त्याला धोका जाणवतच नाही. म्हणून थांबवण्याची जबाबदारी त्याची असूच शकत नाही. ती वरून पाहणाऱ्याची आहे. हिल्सबरो स्टेडियममध्ये १९८९ साली फुटबॉलचे प्रेक्षक चिरडले गेले. बळींची संख्या आज ९७ आहे. दोष आधी प्रेक्षकांवरच ढकलला गेला. त्यांचा दोष नव्हता, हे न्यायालयीन चौकशीतल्या ज्यूरीने २०१६मध्ये सांगितलं. घरच्यांना २७ वर्षं वाट पाहावी लागली.

इव्हेंट मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याकडे मंडप, दिवे, ध्वनी आणि पाहुण्यांची यादी एवढंच समोर येतं. १९९०च्या दशकात डोनाल्ड गेट्झ यांच्यासारख्या संशोधकांनी या विषयाला विद्यापीठात जागा मिळवून दिली. उत्सवाने किती पर्यटक आले, किती खर्च झाला, शहराचं नाव किती झालं, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. ते हवंच. पण भारतातल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनांचा आढावा घेणाऱ्या २०१३च्या अभ्यासानुसार त्यांतल्या ७९ टक्के धार्मिक मेळाव्यांत आणि यात्रांमध्ये घडल्या होत्या. अशा देशात गर्दीचं शास्त्र हा या अभ्यासक्रमाचा कणा असायला हवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने गर्दी-व्यवस्थापनाची मार्गदर्शिका २०१४मध्येच काढली आहे. तरी २९ जानेवारी २०२५ला प्रयागराजच्या संगमावर पहाटे चेंगराचेंगरीत भाविक गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

नाशिकने गर्दी मोजण्याचं काम एकदा करून दाखवलं आहे. २०१५च्या सिंहस्थाआधी इथे वाढलेले एमआयटीचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ भरलं. त्यात इथल्या मुलांनी ‘आशिओतो’ नावाची चटई बनवली. वाटेवर आडवी अंथरायची, पाऊल पडलं की दाब कळतो, मोजणी होते आणि आकडा लगेच पुढे जातो. पर्वणीच्या दिवसांत तिने १८ तासांत पाच लाखांवर माणसं मोजली. त्या वर्षी पहिल्या पर्वणीला पोलिसांच्या बॅरिकेडिंगने नाशिककर वैतागले होते, हेही खरं. सरसकट अडवलं की भाविकांची पायपीट होते. मोजून सोडलं की वाट वाहती राहते.

आता कॅमेरे आहेत, ड्रोन आहेत, कुंभासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. म्हणून पुढच्या पत्रकार परिषदेत किती कोटी येणार हे विचारू नका. विचारा, की सरदार चौकातून रामकुंडाकडे मिनिटाला किती माणसं सोडणार? त्र्यंबकला कुशावर्ताच्या वाटेवर चौरस मीटरला कितीचा आकडा आला की मागची गर्दी थांबवणार? आणि मुहूर्त सुरू असताना, आखाड्यांची मिरवणूक दारात असताना, ‘थांबवा’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, त्याचं नाव काय? या तीन उत्तरांचा फलक आधी लागू द्या. कोटींचा नंतर लावता येईल.