आडवे रूळ, कोरं आकाश

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या १९२० सालच्या एका एचिंगचं, म्हणजे धातूच्या प्लेटवरून छापलेल्या चित्राचं, नाव आहे ‘अमेरिकन लँडस्केप’. नाव अख्ख्या देशाचं. चित्रात मात्र रेल्वेचा भराव, त्यावरचे रूळ, ते अवघडत ओलांडणाऱ्या गाई आणि मागे एकटंच उभं असलेलं घर. गाडी नाही, स्टेशन नाही. वरचा बराच भाग आकाशाचा, आणि तो जवळजवळ कोरा.

रेल्वेचं चित्र काढा म्हटलं, की बहुतेकांचा हात ठरलेल्या वाटेने जातो. जवळ रुंद असलेले रूळ लांब जाताना निमुळते होतात आणि शेवटी एका बिंदूत मिळतात. चित्रकलेच्या वर्गात यथार्थदर्शन शिकवतानाही हेच उदाहरण देतात. हॉपरने रूळ कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे टाकले आहेत. ते कुठून आले, कुठे चालले, याच्याशी चित्राला देणंघेणं नाही. त्यामुळे नजर त्यांच्यावरून दूर पळू शकत नाही. घरापर्यंत पोचायचं तर गाईंबरोबर तिलाही ते ओलांडावे लागतात. चित्राची ताकद मला या एका निर्णयात दिसते. बाकीचं कारागिरीचं काम, पण तेही साधं नाही.

एचिंग मी थोडंफार स्वतः केलं आहे, त्यामुळे असं चित्र समोर आलं की दृश्याच्या आधी हात दिसतो. प्लेट जस्ताची किंवा तांब्याची. तिच्या कडा कानशीने उतरत्या घासायच्या, नाहीतर प्रेसच्या दाबाखाली कागद फाटतो. मग मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा, म्हणजे ग्राउंडचा, पातळ थर द्यायचा. तो वाळला की सुईने रेघ ओढायची. सुईने धातू कोरायचा नसतो, फक्त ग्राउंड बाजूला सारायचा. नवशिका इथेच उगाच जोर लावतो. कोरायचं काम ॲसिडचं. प्लेट त्यात जितका वेळ राहील तितकी रेघ खोल, आणि छापात तितकी काळी. फिकट हव्यात त्या रेघा थोड्या वेळाने वॉर्निशने बुजवायच्या आणि उरलेल्यांसाठी प्लेट पुन्हा ॲसिडमध्ये सोडायची. शिवाय डावं ते उजवं होऊन छापणार, हे सतत डोक्यात ठेवायचं.

सगळ्यात जास्त घाम काढतं ते पांढरं. रेघांत शाई भरताना प्लेटभर शाई होते. आधी जाळीदार, खळ लावलेल्या कापडाने ती पुसायची, मग कागदाने, शेवटी खडूची पूड लावलेल्या तळव्याने. जोर जास्त झाला तर रेघांतली शाई निघून येते. कमी झाला तर मोकळ्या जागेवर मळकट छटा राहते. पुष्कळ जण ती मुद्दाम ठेवतात, कारण संध्याकाळ आणि धुकं त्यात फुकट मिळतं. (असलं फुकटचं धुकं छापचित्रांच्या प्रदर्शनांत जरा जास्तच असतं.) हॉपरला ते नको होतं. मिळेल तितका पांढरा कागद हवा म्हणून तो उंब्रिया नावाचा इटालियन कागद वापरायचा. शाईही मिळेल तितकी काळी. छाप स्वतः काढायचा, न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरवरच्या आपल्या स्टुडिओतल्या प्रेसवर. या चित्रातलं आकाश कोरं दिसतं ते अशा हट्टाने पुसलेलं आहे. त्याच्यासमोर जमीन आणि झाडं रेघांवर रेघा चढवून दाट केलेली. मधलं राखाडी त्याने फारसं चालू दिलेलं नाही.

१९२०च्या जानेवारीत व्हिटनी स्टुडिओ क्लबमध्ये हॉपरचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं. एकही चित्र विकलं गेलं नाही. पोटासाठी तो मासिकांची आणि जाहिरातींची चित्रं काढत होता, आणि ते काम त्याला मनापासून नावडायचं. एचिंगकडे तो १९१५मध्ये वळला. तंत्रात मार्टिन लुईस या चित्रकाराची मदत झाली. १९२३नंतर त्याने ते जवळपास सोडलंच. एचिंग करू लागल्यावर आपल्या रंगचित्रांना नेमका आकार आला, असं तो पुढे सांगायचा.

ते पटतं. १९२५च्या त्याच्या ‘हाउस बाय द रेलरोड’ या तैलचित्रातही रूळ असेच आडवे आहेत आणि घराचा पाया त्यांच्याआड गेलेला आहे. १९३०मध्ये ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आलं आणि जगप्रसिद्ध झालं. तरी निवड करायची झाली तर मी एचिंगच निवडेन. तैलचित्रातला तो जुन्या थाटाचा, नक्षीदार वाडा बघणाऱ्याची सहानुभूती आपसूक मिळवतो. एचिंगमध्ये तशी सोय नाही. गाईंचं बेंगरूळ चालणं आहे आणि एक साधं घर आहे.

‘अमेरिकन लँडस्केप’ पाहायचं असेल तर पडद्यावर ताणून मोठं करू नका. रेघांचे दोरखंड होतात. मूळ छाप जेमतेम साडेसात इंच उंच आणि साडेबारा इंच रुंद आहे. त्याच मापात ठेवा आणि हातभर अंतरावरून बघा. मग आधी तळव्याने आकाश झाका, नंतर रूळ झाका, आणि काय बिघडतं ते स्वतःच ठरवा.