मिनांगकाबाऊ आणि मलय : शब्दान्तांची साक्ष

सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात बोलली जाणारी मिनांगकाबाऊ भाषा ही मलय भाषेचेच बिघडलेले रूप होय, असा समज पुष्कळदा आढळतो. दोहोंतील शब्दसाम्य पाहता तो स्वाभाविक वाटतो. परंतु शब्दान्तांची पद्धतशीर तुलना केली असता तो टिकत नाही.

मलयातील 'माता' (डोळा) व 'आपा' (काय) या शब्दांच्या जागी मिनांगकाबाऊत 'मातो' व 'आपो' येतात. 'बेरास' (तांदूळ) व 'पानास' (उष्ण) यांच्या जागी 'बारेह' व 'पानेह'. हे फरक नियमबद्ध आहेत. संस्कृतातून आलेले 'राजा' व 'आगामा' (धर्म) हे शब्दही 'राजो', 'आगामो' असे होतात. म्हणून केवळ नियमात बसतो एवढ्यावरून शब्द वारशाने आलेला ठरत नाही. नाते ठरविताना अवयव, अंक इत्यादींच्या मूळ शब्दांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते.

व्यंजनान्त शब्द अधिक बोधप्रद आहेत. मलय 'लाउत्' (समुद्र) याचे 'लाउइक्' होते, तर 'दुदुक्' (बसणे) याचे 'दुदुआक्'. या रूपांतील अन्त्य क् लेखनापुरता. उच्चारात तो केवळ कंठातील अवरोध होय. मूळचे त् व क् हे दोन्ही त्यात विलीन झाले, तरी भेद पुसला गेला नाही : उकारापुढे जेथे त् होता तेथे इ, जेथे क् होता तेथे आ उमटला. गेलेल्या व्यंजनाची खूण स्वराने जपली. याउलट 'तेलुर्' (अंडे) व 'बेतुल्' (खरे) यांची 'तालुआ' व 'बातुआ' अशी रूपे झाली. येथे र् व ल् यांतील भेद लोपला, मलयाने तो राखला.

मात्र जुने रूप राखणारी भाषा तेवढ्याने दुसरीची जननी ठरत नाही. के. ए. आडेलार यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मलय, मिनांगकाबाऊ, इबान, बांजार इत्यादींच्या तुलनेने त्यांचे सामाईक पूर्वरूप पुनर्रचित केले. त्या दृष्टीने या भाषा परस्परांच्या भगिनी होत. शिवाय 'एक' या अर्थी मलयात 'सातु', मिनांगकाबाऊत 'चिएक्'. 'मोठा' या अर्थी 'बेसार' व 'गादांग'. असे भेद ध्वनिविकाराने उलगडत नाहीत.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. शाळा-कचेऱ्यांत मलयावर आधारलेली इंडोनेशियन भाषा चालते. नकाशावर 'बुकित्तिंगी' व 'पायाकुम्बुह्' अशी नावे असतात. स्थानिक लोक मात्र 'बुकिक्तिंगी' व 'पायोकुम्बुआह्' म्हणतात. त्यांतील पहिली रूपे शुद्ध व दुसरी अपभ्रष्ट, ही प्रतवारी भाषेच्या इतिहासाला धरून नाही. दुसरी रूपेही तितक्याच नियमाने सिद्ध झालेली आहेत.