लढाईविना मरण : गोऱ्या पलटणीचे छावणीतील दिवस

ब्रिटिश पलटण म्हटली की लाल डगले, संगिनी आणि रणभूमी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या शिपायाच्या नोकरीचा बहुतांश काळ छावणीत, फारसे काही न घडता जात असे. शत्रूच्या गोळीपेक्षा या रिकाम्या दिवसांतच त्याच्या जिवाला अधिक धोका होता. १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १८६३ साली दिलेल्या अहवालानुसार, येथील गोऱ्या सैन्यात वर्षाकाठी दर हजारी ६९ जण दगावत होते. त्यात लढाईतील मृत्यूंचा वाटा अल्प होता. खरे कारण पटकी, हगवण, ताप, यकृताचे विकार आणि दारू.

उन्हाळ्यात कवायत पहाटेच उरकली जाई. ऊन चढले की शिपायांना बराकीतच राहावे लागे. स्वयंपाकाला बबर्जी, पाण्याला भिस्ती, झाडलोटीला मेहतर, वाऱ्यासाठी बाहेर बसून पंख्याची दोरी ओढणारा मजूर; दाढी करायलाही न्हावी हजर! मायदेशी अशी बरीच कामे शिपायाला स्वतः करावी लागत. येथे दिवसभर हाताला कामच नाही. मग पत्ते, खाटेवर लोळणे आणि संध्याकाळी पलटणीच्या कॅन्टीनमधील रम. शिस्तभंगाचे बरेचसे गुन्हे दारूपायी घडत, आणि ती दारू पुरविण्याची सोय पलटणीनेच केलेली असे.

लग्नाची परवानगी मोजक्यांनाच मिळे. इतरांसाठी छावणीलगत 'लाल बाजार' असे. १८६४ च्या कँटोन्मेंट कायद्यानंतर तेथील स्त्रियांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी सुरू झाली. रोग दोघांनाही होई. सक्तीने तपासणी आणि इस्पितळात डांबणे मात्र स्त्रीच्याच वाट्याला आले.

रविवारची प्रार्थनाही कवायतीसारखीच. १० मे १८५७ रोजी मेरठमध्ये उठाव झाला तो रविवारीच. त्यानंतर गोरे शिपाई चर्चमध्येही बंदुका घेऊन जाऊ लागले. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील बाकांना बंदुका टेकविण्यासाठी केलेल्या खाचा आजही पाहायला मिळतात.

आयोगाच्या अहवालानंतर चित्र हळूहळू पालटले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. पण छावण्याछावण्यांतून मागविलेल्या माहितीच्या आधारे त्यांनी सांडपाणी, पिण्याचे पाणी आणि बराकीतील गर्दी यांवर बोट ठेवले. प्रशस्त बराकी उभ्या राहिल्या, आजाऱ्यांना थंड हवेच्या ठिकाणी पाठविण्याची प्रथा वाढली. पुण्याजवळील पुरंदर किल्ला अशाच आरोग्यधामासाठी वापरात होता. १८७० च्या कायद्याने प्रत्यक्ष पलटणीतील सेवेची मुदतही कमी झाली.

मुदत संपली तरी सुटका लगेच होत नसे. परतणाऱ्या शिपायांना नाशिकजवळील देवळालीच्या छावणीत ठेवले जाई. सैन्य नेणारी जहाजे साधारणतः हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. त्यामुळे चुकीच्या वेळी मोकळा झालेला शिपाई तेथे महिनोन्‌महिने अडकून पडे. ना कवायत, ना काम. ऊन, कंटाळा आणि तापाने अनेकांचे चित्त थाऱ्यावर राहत नसे. भ्रमिष्टासाठी इंग्रजीत आजही वापरला जाणारा 'डूलॅली' हा शब्द या देवळालीवरूनच आला. मुळात तो 'डूलॅली टॅप' असा होता. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.